नोंदवही क्रमांक दोन

पहिली वही त्यांच्याकडेच राहिली.
किल्ली, पेटी, बाराही बाकं, पितळी घंटा
आणि एकोणीसशे एकतीसपासूनचे बाप्तिस्मे.
माझाही त्यात आहे, पान चौऱ्याहत्तर,
जांभळी शाई, आणि नाव चुकलेलं : ‘करूणा’, रू दीर्घ.
वकील म्हणाले, नक्कल मिळेल, अर्ज करा.

म्हणून ही दुसरी. मालवा मिलच्या नाक्यावरून आणलेली,
दोनशे पानी, पुठ्ठ्यावर बॅट उगारलेला कुणी खेळाडू.
दाविद रणनवऱ्यानं त्याच्यावर खाकी कागद चढवला
आणि म्हणाला, बाई, लिहा : सभा पहिली.

उपस्थिती सत्तेचाळीस, मांडीवरची पोरं धरून.
नऊ जण तिकडेच राहिले.
त्यांची नावं लिहायची का, यात अर्धा तास गेला.
लिहिली नाहीत.

ठराव एक, मंडळीचं नाव.
‘स्वतंत्र’ हा शब्द त्यात असावा की नसावा?
पारधे मास्तर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले,
जो मुलगा रोज सांगतो मी वेगळा राहतो,
तो जेवायला अजून घरीच येतो.
शब्द गेला.

ठराव दोन, शिक्का. जेल रोडला, एकशे ऐंशी रुपये.

ठराव तीन, पंजीयन.
खिडकीतला बाबू म्हणाला, उद्देश्य? एका ओळीत.
आम्ही सात जण. नव्वद वर्षं गात आलेली माणसं,
आणि एक ओळ सुचेना.
शेवटी दाविदनं लिहिलं, दर रविवारी एकत्र येणे.
बाबूनं मान वर केली : और बाकी के छह दिन?
तो रकाना कोराच आहे.

खोली मिळाली नंदानगरला, राठोडच्या पिठाच्या गिरणीवर.
साडेनऊ ते अकरा पट्टा बंद ठेवीन, असं त्यानं कबूल केलंय,
पण डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन बाई दारात आली
की त्याला नाही म्हणवत नाही.
मग प्रार्थनेच्या मध्यावर जमीन थरथरू लागते
आणि शेवटच्या ‘आमेन’पर्यंत
आमच्या चपलांवर पांढरी साय धरते.

प्याला नव्हता.
एस्तेर मावशीनं घरचा स्टीलचा आणला,
कडेला ठिपक्यांत कोरलेलं :
बडोद्याच्या आत्याकडून सप्रेम, १९८६.
पहिल्या रविवारी सगळ्यांनी तो ओठाला लावला,
आणि प्रत्येकानं, मी बघत होते, ते वाचलं.

फेब्रुवारीत बेनाया भोसेकर गेले.
बायकोशेजारची जागा त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती,
पावती पाकिटात, घडीवर फाटलेली, जुन्या शिक्क्याची.
कबरस्तान तिकडचं. फाटकाला कुलूप.
आम्ही पेटी खांद्यावरून उतरवून उभे,
ऊन चढत होतं, कुणी घड्याळ बघेना.

किल्ली घेऊन आला तो सुमंत.
त्या नऊंतला एक. माझा धाकटा भाऊ.
बोलला नाही. दोराचं एक टोक धरलं,
हळू, म्हणाला, हळू सोडा, ते पाठीचे दुखणाईत होते.
गीताच्या तिसऱ्या कडव्याला आम्हाला खर्ज कमी पडला,
तेव्हा तो खाली बघून गायला.
मग फाटक लावलं, कुलूप ओढून पाहिलं, दोनदा,
आणि स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी मी लिहिलं :
भोसेकर बेनाया यशवंत, वय ब्याऐंशी, दफन सकाळी अकरा.
‘स्थळ’ लिहिताना हात थांबला.
स्थळ लिहिलं.

काल रात्री सुमंतचा मेसेज आला.
जुनी वही चाळत होतो. मृत्यूची नोंद केली.
पान चौऱ्याहत्तरवर तुझं नाव चुकलंय,
दुरुस्त करू?

अजून उत्तर दिलेलं नाही.
येत्या सभेपुढे विषय तीन :
गिरणीचा पट्टा, सतरंज्या, उन्हाळ्यासाठी पंखा.
हा विषय मी घेतलेला नाही.